साचा परका असला तरी रंग इथला हवा

खेळण्यातल्या प्राण्याला आकार मिळतो तो पटाशीने किंवा साच्याने. पण तो प्राणी कोणत्या मुलखातला, वयात आलेला की वासरू, सावध की सुस्त, हे सगळे ठरवतो रंग. सिंधुदुर्गात या रंगाची सध्या जी हेळसांड चालली आहे, ती पाहून गप्प बसवत नाही. तुळशीचे लग्न झाले की कुडाळ, मालवण, सावंतवाडी या तालुक्यांत जत्रा सुरू होतात. वालावल असो, नेरूर असो की पिंगुळी, खाजाच्या दुकानाशेजारी खेळण्यांचे दुकान असतेच. तिथल्या प्लास्टिकच्या पिशवीत दहा-बारा प्राणी एकत्र कोंबलेले असतात. वाघाचे पट्टे पाठीवर सुरू होतात आणि पोटापर्यंत पोचण्याआधीच संपतात. हरणाचा डोळा खोबणी सोडून गालावर उतरलेला असतो. हा माल कारखान्यातून येतो, त्याला गाव नसते, असे म्हणून तो सोडून देता येईल. परंतु जिथे संस्थानकाळापासून चिताऱ्यांची, म्हणजे खेळणी रंगवणाऱ्या कारागिरांची, चितारआळी नांदते, त्या सावंतवाडीच्या लाकडी घोड्यावरही तोच निर्जीव रंग दिसू लागला, तर ती गोष्ट सोडून देण्यासारखी राहत नाही.

सावंतवाडीच्या लाखकामाचा, म्हणजे लाकडावर लाखेच्या रंगाने केलेल्या कामाचा, इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी या दांपत्याने पुंडलिक चितारी या कारागिराकडून गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची, कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा चालती केली, हेही सर्वश्रुत आहे. त्या गंजिफांमधले प्राणी मात्र कोणी नीट पाहत नाही. दशावतारी संचात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यांतली दोन राजा आणि प्रधानाची, उरलेली दहा एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. मत्स्याच्या पानांवर चिन्ह माशाचे, कूर्माच्या पानांवर कासवाचे. म्हणजे एक संच पुरा करायचा तर चिताऱ्याला या दहा पानांवर ५५ मासे काढावे लागतात आणि तेवढीच कासवे. इतक्या वेळा काढायचा मासा तीन-चार फटकाऱ्यांतच उभा राहावा लागतो. पाठीचा बाक, कल्ल्याची रेघ, शेपटी आणि डोळ्याचा ठिपका, एवढ्यावर तो पाण्यातला वाटतो. थोडक्या रंगात प्राणी जिवंत करण्याचा हा धडा सावंतवाडीच्या घरात पडून आहे आणि तिथल्या खेळण्यांनी तो गिरवलेला नाही.

खेळण्यांत सावंतवाडीचे नाव झाले ते फळांमुळे, आणि ते योग्यच झाले. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे केळे हातात घेतले तर देठाकडचा हिरवा मधल्या पिवळ्यात कुठे मिसळला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सालीवरचे तपकिरी ठिपके एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ असतात. काजूच्या बोंडावरची लाली, आंब्याच्या खांद्यावरची तांबूस झाक, मिरचीच्या टोकाचा गडदपणा, हे सगळे रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचे रंग आहेत. कारागिराने फळ पाहिले आणि रंगवले. रुखवतात आणि दिवाणखान्यात ही फळे मानाने बसली ती त्यामुळेच.

आता त्याच फळीवरचा घोडा पाहावा. अंगभर एकच चकचकीत तेलरंग, खोगीर लाल, आयाळ काळी, डोळ्याच्या जागी पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका. हत्तीला राखाडी रंगाचा एकच हात. बैलगाडीचे बैल पांढरेशुभ्र. कोकणातला बैल बहुधा लहानखुरा, तांबडा, काळा किंवा कबरा असतो, हे गाडीच्या चाकांवर नक्षी काढणाऱ्या हाताला ठाऊक नसेल असे नाही. फळासाठी जी नजर वापरली जाते, ती प्राण्यासाठी वापरण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, इतकाच याचा अर्थ. अनेक दुकानांत फळे सावंतवाडीची आणि प्राणी चन्नपट्टणचे किंवा थेट प्लास्टिकचे, अशी वाटणी आता रूढ झाली आहे. चन्नपट्टणचे काम उत्तम आहे, पण ते कातकामातून निघालेले गोल, गुळगुळीत काम आहे. त्यात प्राण्याची ओळख आकारातल्या गमतीवर चालते. रंगनिरीक्षणाची उणीव ते भरून काढू शकत नाही.

प्लास्टिकच्या प्राण्याचे गणित वेगळे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे व्यर्थ आहे. पोलादी साचा महाग पडतो, म्हणून एकदा केलेला साचा वर्षानुवर्षे चालवतात. मऊ पीव्हीसीचा प्राणी साच्यातून निघाला की त्याच्यावर छिद्रांचा पत्रा बसवून फवाऱ्याने पट्टे आणि ठिपके मारतात. डोळे छापतात किंवा हाताने टेकवतात. पत्रा जरा सरकला की डोळा गालावर जातो. जर्मनीची श्लाइश ही १९३५ सालची कंपनी किंवा फ्रान्सची पापो यांचे प्राणी बरे दिसतात, कारण तिथे फवाऱ्यानंतर ब्रशाचे काम होते. साचा आणि पदार्थ यांत मोठा फरक नसतो. फरक पडतो शेवटच्या हातामुळे.

हे अमेरिकेत उमगले. शिकागोच्या ब्रेयर कंपनीने १९५०मध्ये एका घड्याळवाल्यासाठी प्लास्टिकचा घोडा काढला. घड्याळाचा व्यवहार मागे पडला आणि घोडा खेळणे म्हणून उरला. पुढे त्या कंपनीने एकेका साच्यावर निरनिराळे रंग चढवून नवनवे घोडे विकले. त्यातून ग्राहकांनाच सुचले की विकत घेतलेला घोडा खरवडून आपणही रंगवावा. आज तिथे अशा पुन्हा रंगवलेल्या घोड्यांच्या स्पर्धा होतात आणि अमुक जातीच्या घोड्याच्या अंगावर अमुक रंग येतो का, याची परीक्षक कसून तपासणी करतात. साचा कारखान्याचा आणि रंग पाहणाऱ्याचा, हे तत्त्व तिथे रुजले.

आपल्याकडे खेळण्यातल्या प्राण्यांचा छंद अजून विरळ आहे, आणि जो आहे त्याला तीन वाटा फुटलेल्या दिसतात. डबी न उघडता प्राणी कपाटात रचून ठेवणारे संग्राहक हे खेळण्याचे शत्रू आहेत. सोनेरी, चंदेरी, आकाशगंगेसारखे चमकणारे घोडे रंगवणाऱ्यांना घोड्याशी काही देणेघेणे नाही. केस न् केस काढून छायाचित्राशी बरोबरी करू पाहणाऱ्यांचे कौशल्य दांडगे असते, पण हातभर अंतरावरून त्यांचा वाघ मळकट गोळा दिसतो. यापलीकडची चौथी वाट आहे ती आखणीची, आणि या लेखाचा सगळा भर तिच्यावर आहे.

आखणी म्हणजे काय, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. आषाढ-श्रावणात गावोगावच्या गणपतीच्या शाळांत मूर्तींना अंगरंग चढतो आणि शेवटी जाणता कारागीर बारीक ब्रश घेऊन डोळे, भुवया, सोंडेवरची रेघ आखतो. त्या एका रेघेने मूर्तीची मुद्रा ठरते. त्याच हाताखालून मूषक, मोर, नाग, सिंह हेही जातात. नेरूरला शिमग्यात मांडावर, म्हणजे उत्सवाच्या जागेवर, जे हलते देखावे निघतात, त्यांतले प्रचंड प्राणी याच परिसरातल्या मूर्तिकारांच्या हातचे असतात. लांबून, रात्रीच्या उजेडात आणि गर्दीतून प्राणी ओळखू आला पाहिजे, ही अट ते हात दरवर्षी पुरी करतात. थोडक्या पण अचूक रेषांत प्राणी उभा करण्याची ही विद्या गंजिफाच्या माशाची सख्खी बहीण आहे.

या विद्येने प्लास्टिकचा प्राणी कसा बदलतो, हे गव्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. आंबोली आणि दोडामार्गच्या रानातला हा प्राणी जत्रेच्या पिशवीत नसतो. पिशवीत असतो एक ढोबळ काळा बैल. तो साबणाच्या पाण्याने धुवायचा, कारण साच्याला लावलेले तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. गव्याच्या पाठीवरचा खांद्यापासून मध्यापर्यंत गेलेला उंचवटा एम-सीलने चढवायचा. पाय वाकवायचे असतील तर मऊ पीव्हीसी गरम पाण्यात धरले की वाकते आणि थंड पाण्यात घातले की तसेच राहते. मग ॲक्रिलिकचे पातळ अस्तर. फवाऱ्याच्या डबीतला तेलरंग इथे घात करतो, कारण पीव्हीसी मऊ ठेवणारे द्रव्य वर येऊन तो महिनोन्महिने चिकट राहतो. अंगाला निव्वळ काळा न देता काळ्यात तपकिरी मिसळायचा, नाहीतर स्नायूंचे उठाव मरतात. उठावांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून तांबूस झाक आणायची. शिंगांच्या मधला कपाळाचा भाग राखट. शिंगे बुडाशी फिकट पिवळसर-हिरवट आणि टोकाला काळी. गुडघ्यांपासून खाली पाय मळकट पांढरे. शेवटी डोळ्याची आखणी, आणि फक्त डोळ्यावर व नाकपुडीवर चकाकीचा एक थेंब. इतके केल्यावर त्या बैलाकडे पाहून दोडामार्गचे पोर गवा म्हणणार, यात शंका नाही.

हत्तीच्या बाबतीत तर हे काम निकडीचे आहे. पिशव्यांमधला हत्ती बहुधा आफ्रिकेतला असतो, मोठ्या कानांचा आणि खोलगट पाठीचा. इकडे २००२च्या सुमारास कर्नाटकातून तिलारी खोऱ्यात हत्ती उतरले, केळी-माडांच्या बागा तुडवल्या गेल्या, आणि २०१५मध्ये कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात वनखात्याने तीन हत्ती पकडले. ज्या जिल्ह्यात हत्ती ही घरोघरची चर्चा आहे, तिथल्या मुलाच्या हातात परक्या खंडातला हत्ती असावा आणि त्याला कोणी हात लावू नये, ही अनास्था आहे. कान कापून लहान करणे, कपाळावर दोन उंचवटे चढवणे, सोंडेवर आणि कानांच्या कडेला गुलाबी ठिपके टेकवणे, एवढ्याने तो आपल्या रानातला होतो. खाडीतले पाणमांजर, देवराईतला मलबारी धनेश, शेतातला रेडा, हे सगळे या हाताची वाट पाहत आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो लाकडाच्या कैवाऱ्यांचा. प्लास्टिक हाच शत्रू, त्याला कसले रंगवता, असे ते विचारतात. त्यांना उत्तर असे की प्लास्टिकचा प्राणी घरात येऊन चुकला आहे. तो कचऱ्यात गेला तर नदीतून समुद्रात जाणार, रंगवला तर आणखी दहा वर्षे खेळात राहणार. दुसरा आक्षेप असा की पुन्हा रंगवणे ही डागडुजी आहे, कला नव्हे. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला तोच लाकडी बैल वर्षानुवर्षे नव्याने रंगवून, सजवून मिरवतात. त्याला कोणी डागडुजी म्हणत नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले. पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. सावंतवाडीच्या लाकडी कामाला ते मानांकन मिळालेले आहे. तेव्हा कायदा आडवा येतो ही सबब चितारआळीला तरी चालणार नाही. शुल्कामुळे परदेशी माल घटला, देशी साचे वाढले, पण त्या साच्यांतून निघतात ते जिराफ आणि झेब्रेच. मानांकनाने नाव राखले जाते. नजर राखायची ती कारागिरानेच.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूवर कोणताही रंग चालत नाही. स्वस्त तेलरंगांतल्या पिवळ्या-केशरी छटांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१७पासून लागू आहे. लहानग्यांसाठी रंगवायचे तर शिसेविरहित, पाण्यात कालवायचा रंग, ही अट पाळलीच पाहिजे. सावंतवाडीच्या घोड्यालाही ती तितकीच लागू आहे.

मग करायचे काय, ते उघड आहे. गणपतीच्या शाळा चतुर्थीला रिकाम्या होतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आखणी करणारे हात भलत्याच कामांत गुंततात. जत्रांचा हंगाम नेमका याच काळात येतो. वालावलसारख्या गावात जत्रेला खेळण्यांच्या दुकानाशेजारी एखादा मूर्तिकार ब्रश आणि चार रंग घेऊन बसला, तर मुले आपले फिकट वाघ-हत्ती घेऊन रांग लावतील. सावंतवाडीच्या दुकानदारांनी फळांच्या फळीखालची एक फळी या जिल्ह्यातल्या प्राण्यांसाठी राखावी आणि कारागिराला गवा, रेडा, धनेश पाहून रंगवण्याचे पैसे द्यावेत. आईबापांनी रंग उडालेला हत्ती टाकून न देता धुऊन, अस्तर देऊन मुलाच्याच हाती ब्रश द्यावा. ज्या हातांनी केळ्याची साल हुबेहूब उतरवली, त्या हातांना बैलाची कातडी जड नाही. ती उतरवत नाहीत, हा त्यांचा दोष आहे, आणि मागत नाहीत हा गिऱ्हाइकाचा.