तहानेच्या वाटेवरचा नाताळ

घोडागाडीच्या आसाला लावायचे वंगण, आणि त्या वंगणाने माखलेला एक धिप्पाड माणसाचा पंजा. त्या पंजात मावेल एवढे, जन्मून काही तासच झालेले एक बाळ आहे. जॉन फोर्डच्या 'थ्री गॉडफादर्स' या 1948 सालच्या चित्रपटातल्या या दृश्याशी आपण थोडे थांबू. आईच्या पेटीत बालसंगोपनावरचे एका डॉक्टरांचे पुस्तक सापडले आहे आणि बँक लुटून पळालेले तीन दरोडेखोर त्यातला एकेक शब्द अक्षर लावत वाचत आहेत. पुस्तक सांगते की बाळाला न्हाऊ घालावे, पण इथे प्यायलाही पाणी नाही. पुस्तक सांगते की तेल लावावे, पण मैलोन् मैल तेल म्हणून काही नाही. मग गाडीच्या चाकाचे वंगण कामी येते, आणि जॉन वेनचा तो आडदांड बॉब हायटॉवर गुडघ्यांवर बाळाला घेऊन ते चोळू लागतो. सुरुवातीला त्याचा हात भितो, मग धीट होतो, मग त्या हातालाच लय सापडते. आपल्याकडच्या आजीने पाय लांब करून, नातवाला पायांवर घेऊन घातलेले तेल-न्हाणे ज्याने पाहिले आहे, त्याला ही लय ओळखीची वाटेल. हसू येता येता आपला गळा भरून येतो तो इथे. या हातांनी तोवर बंदुका धरल्या, लगाम धरले, दुसऱ्याचे पैसे उचलले; कुणाला इतक्या हलकेपणाने स्पर्श करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नव्हती.

पीटर बी. काइन यांची ही कथा 1913 साली पुस्तकरूपाने आली आणि हॉलिवूडने ती वारंवार पडद्यावर आणली. ॲरिझोनातल्या वेलकम नावाच्या गावात बॉब, पेद्रो आणि 'ॲबिलीन किड' या नावाने ओळखला जाणारा पोरसवदा विल्यम, असे तिघे दरोडा घालतात आणि वाळवंटात पळतात. तिथे त्यांना एका गाडीत प्रसूतीच्या वेदना सोसणारी, एकटी राहिलेली बाई भेटते. मूल जन्मते, आई जाते, बाप त्याआधीच वाळवंटात हरवलेला. जन्माच्या पहिल्याच घटकेला पोरके झालेले ते मूल तीन गुन्हेगारांच्या ओटीत पडते. नाताळ तोंडावर आलेला आहे, आणि डोंगरापलीकडच्या गावाचे नाव आहे न्यू जेरुसलेम.

एवढे ऐकल्यावर गव्हाणीतले बाळ, पूर्वेकडून आलेले तीन मागी, वाट दाखवणारा तारा हे सारे आपल्या मनात आपोआप उभे राहते. फोर्डही ते लपवत नाही. पण मला वाटते, या चित्रपटाचा खरा रस त्या रूपकात जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक पाण्यात आहे. त्यातली सगळी माया घोटांनी मोजलेली आहे. कुणाकडे किती पाणी उरले, कुणी कुणासाठी ते राखले आणि कुणाच्या चुकीने ते आटले, हा हिशेब धरून चित्रपट पाहावा, म्हणजे साधे वाटणारे एकेक दृश्य उमलत जाते.

वॉर्ड बाँडने साकारलेला मार्शल पर्ली स्वीट पहिल्यांदा दिसतो तो आपल्या अंगणातल्या बागेत रमलेला, एक गृहस्थ माणूस. गावात नव्याने आलेल्या या तिघांशी तो गप्पा मारतो, त्याची बायको त्यांना कॉफी देते, आणि 'पर्ली' या त्याच्या नाजूक नावावरून तिघे खदखदून हसतात. मग तो अंगरखा चढवतो आणि त्यावरचा मार्शलचा तारा चमकतो. दरोड्यानंतर हाच माणूस पाठलाग करतो, नेम धरतो, आणि गोळी झाडतो ती माणसांवर नव्हे, त्यांच्या पाण्याच्या पिशवीवर. या एका गोळीत केवढी समज आहे! माणूस मारण्याची त्याला घाई नाही. वाळवंटात पाणी गेले की माणूस आपसूक पाणवठ्याकडे येणार, हे तो जाणतो. आगगाडीने पुढे जाऊन तो पाणवठ्यावर पहारा बसवतो. एरवीच्या वेस्टर्नमध्ये ज्या जागी दोन्हीकडून बंदुका धडाडल्या असत्या, तिथे फोर्ड बुद्धिबळाच्या पटासारखी एकेक पाण्याची जागा मांडत जातो, आणि आपल्याही घशाला कोरड पडू लागते.

जवळचा पाणवठा बंद झाला म्हणून तिघे टेरापिन टँक्सकडे वळतात. वादळात वाळूचे लोट येतात, घोडे सुटून जातात आणि शेवटी पायी पायी ते त्या टाक्यापाशी पोहोचतात. इथे फोर्डने जे केले आहे ते मला फार थोर वाटते. बॉब एकटाच पुढे जाऊन पाहून येतो आणि परत येऊन साथीदारांना सांगतो. बस्स, सांगतो. बाईचा नवरा, वाळवंटाची काहीच माहिती नसलेला नवखा प्रवासी. टाक्यातले पाणी संथपणे पाझरते, त्याला धीर धरवला नाही, पाणी वाढावे म्हणून त्याने सुरुंग लावला आणि झराच कायमचा उद्ध्वस्त केला. तहानेने वेडे झालेले घोडे पळाले, त्यांच्यामागे तो गेला, तो आलाच नाही. दुसऱ्या कुणा दिग्दर्शकाने हा सगळा स्फोट, धूळ आणि धावपळ पडद्यावर दाखवली असती. फोर्ड कॅमेरा वेनच्या चेहऱ्यावर ठेवतो आणि त्याला बोलू देतो. संतापाने सुरू झालेले ते लांबलचक बोलणे हळूहळू दुसरीकडेच झुकते. गाडीत एक बाई आहे, आणि तिचे दिवस भरले आहेत, हे सांगताना त्याचा आवाज ज्या रीतीने खाली येतो, ते आपण कान देऊन ऐकावे. वेनच्या अभिनयाविषयी उणा शब्द काढणाऱ्यांनी तर हा प्रसंग आवर्जून पाहावा.

मग पेद्रो गाडीत जातो. मेक्सिकोचे ख्यातनाम नट पेद्रो आर्मेंदारिस यांनी या माणसाला एक प्रौढ शहाणपण दिले आहे. बाहेर उरलेले दोघे निवडुंग कापून, त्याचा गर पिळून थेंब थेंब पाणी गोळा करतात. काट्यांतून काढलेले ते पाणी बाळंतिणीसाठी आहे. एका माणसाने उतावीळपणे सुरुंग लावून जे घालवले, ते दोन माणसे मुठी आवळून, बोटे फोडून थेंबाथेंबाने परत मिळवू पाहतात; फोर्डने हा विरोध कुठेही अधोरेखित केलेला नाही, तो नुसता शेजारी ठेवून दिला आहे.

मिल्ड्रेड नॅटविकला या चित्रपटात मोजकी मिनिटे मिळाली आहेत, आणि तिने त्यांचे सोने केले आहे. गाडीच्या कापडी छताखाली, दिव्याच्या उजेडात, ती तिघांची नावे विचारते. त्या तीन रापलेल्या, दाढी वाढलेल्या चेहऱ्यांत तिला दरोडेखोर दिसत नाहीत, की दिसूनही ती ते बाजूला सारते? मला दुसरे अधिक खरे वाटते. मरणाऱ्या आईला निवडायला वेळ नसतो. समोर जे आहेत त्यांच्यातच तिला चांगुलपणा शोधावा लागतो, आणि ती इतक्या निर्धाराने शोधते की तो त्यांच्यात निर्माण होतो. ती त्यांना बाळाचे धर्मपिते व्हायला सांगते आणि बाळाला तिघांचीही नावे देते : रॉबर्ट विल्यम पेद्रो. पुढे वाटभर प्रत्येक जण बाळाला आपल्याच नावाने हाक मारतो आणि दुसरे ते दुरुस्त करतात. ज्यांच्या नावाला आजवर गुन्ह्याखेरीज काही चिकटले नव्हते, त्यांना आपले नाव कुणी निष्पाप जीव वागवणार याचा केवढा अभिमान झाला आहे, हे त्या लटक्या भांडणातून कळते.

तिला पुरतात तेव्हा किड गातो. 'शॅल वी गॅदर ॲट द रिव्हर' हे नदीकाठी पुन्हा भेटण्याचे भजन फोर्डला फार प्रिय होते. 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये ते आहे, पुढे 'द सर्चर्स'मध्येही आहे. पण कोरड्या टाक्याशेजारी, वाऱ्याने फडफडणाऱ्या फाटक्या छताजवळ, तहानलेल्या गळ्यातून ते नदीचे गाणे निघते तेव्हा त्याला जो अर्थ येतो, तो मला अन्यत्र कुठे लाभला नाही. नंतर बाळाला निजवताना हाच किड 'स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो' म्हणतो. ते मुळात मरणाऱ्या काउबॉयचे गाणे. त्याला अंगाई येत नाही, जे येते ते तो मृदू करून गातो. आणि खांद्यात गोळी घेऊन चाललेला हा पोरगा नकळत स्वतःचेच गाणे गात असतो.

किडची भूमिका करणारा हॅरी कॅरी ज्युनियर हाही नुकताच पितृहीन झालेला मुलगा होता, ही गोष्ट इथे आठवते. त्याचे वडील हॅरी कॅरी हे मूकपटांच्या काळातले मोठे तारे. फोर्डने त्यांच्यासह वीसहून अधिक चित्रपट केले, आणि याच कथेवरचा 'मार्क्ड मेन' हा 1919 सालचा, आज हरवलेला मूकपटही त्या दोघांचाच. 1947 साली कॅरी गेले. त्यानंतर फोर्डने हीच कथा पुन्हा हाती घेतली, मित्राच्या मुलाला त्यात उभे केले आणि चित्रपट मित्राच्या स्मृतीला वाहिला. आरंभी टेकडीवर एक एकाकी घोडेस्वार छायाकृतीसारखा येऊन थांबतो, ती त्या मित्राची आठवण. मित्रामागे राहिलेल्या मुलाचा हात धरणे, हे चित्रपटात तिघे करतात आणि चित्रपटाबाहेर फोर्ड.

रंगांविषयी बोलायलाच हवे. विंटन हॉक या छायालेखकाला पुढे 'शी वोअर अ यलो रिबन' आणि 'द क्वाएट मॅन' या फोर्डच्याच चित्रपटांसाठी ऑस्कर मिळाले. इथे डेथ व्हॅलीतल्या वाळूला त्यांनी टेक्निकलरमध्ये असा काही उजेड दिला आहे की ती कधी सोन्याची वाटते, कधी राखेची. मिठागराच्या पांढऱ्या, भेगाळलेल्या पसाऱ्यावर तीन माणसे मुंग्यांएवढी दिसतात, आणि त्यांतल्या एकाच्या कवेत गाठोडे आहे. याच पसाऱ्यात किड कोसळतो. ग्लानीत तो लहानपणची झोपण्यापूर्वीची प्रार्थना पुटपुटू लागतो. बॉब त्याच्या तोंडावर उन्हाची तिरीप पडू नये म्हणून आपली टोपी धरून उभा राहतो. जीव जातो, तेव्हा तो टोपी बाजूला घेतो. आता सावलीची गरज उरली नाही. मृत्यू सांगायला फोर्डला याहून अधिक काही लागत नाही.

पेद्रोचा पाय मोडतो, तेव्हा तो कोल्ह्यांसाठी म्हणून पिस्तूल मागून घेतो. बॉबला कळते, आपल्याला कळते, बाळ तेवढे झोपलेले असते. बॉब पाठ फिरवून चालू लागतो आणि मागून एक आवाज येतो.

पुढची वाट एकट्याची. दुधाचे डबे बाळाचे. त्यांतल्या थेंबालाही कुणी हात लावलेला नाही, हे मघापासून आपण पाहत आलो आहोत. वैतागाने बॉब आईचे बायबल भिरकावून देतो, पाने वाऱ्याने उलटतात, आणि उघडलेल्या पानावर बांधून ठेवलेल्या गाढवीचा आणि शिंगराचा उल्लेख निघतो. जाणकार म्हणतील, हा प्रसंग येशूच्या जन्माचा नव्हे, तो बऱ्याच पुढचा, यरुशलेम प्रवेशाचा. खरे आहे. पण मला ही सरमिसळ मनापासून आवडते. बायबल नीट न वाचलेल्या, थकून भ्रमिष्ट झालेल्या माणसाला जे पान समोर आले त्यालाच तो कौल मानतो. कालक्रम पंडितांसाठी असतो, बुडत्याला काडी पुरते. मेलेले दोघे मित्र त्याच्या भोवती येऊन त्याला उठवतात, चालायला लावतात, आणि घळीतून खरोखरच एक गाढवी आणि तिचे शिंगरू समोर येते. संशयी प्रेक्षकाला इथे अडखळायला होते. मी अडखळत नाही. ज्या चित्रपटाने पाण्याच्या एकेका घोटाचा हिशेब इतक्या चोख प्रामाणिकपणाने ठेवला, त्याला एक चमत्कार मागण्याचा हक्क आहे.

नाताळच्या आदल्या रात्री न्यू जेरुसलेमच्या दारूच्या गुत्त्यात तो येतो. आत पियानोवर 'सायलेंट नाइट' चालू आहे. बॉब बाळाला गुत्त्याच्या फळीवर ठेवतो आणि मागतो ते बाळासाठी दूध नि स्वतःसाठी गार बिअर. ओठ फुटलेल्या त्या माणसाच्या तोंडची ही साधी मागणी आपल्याला एखाद्या स्तोत्रासारखी ऐकू येते. वाळवंटभर जे नव्हते ते इथे नुसते मागितले की मिळते. गव्हाण नाही, पण गुत्त्याची फळी आहे. मेंढपाळ नाहीत, पण नाताळ साजरा करणारे गावकरी आहेत.

पर्लीला वाटत असते की टाके या तिघांनी उडवले आणि त्या बाईचा घातही त्यांनीच केला. ती त्याच्या बायकोची भाची. हा गैरसमज मिटतो, बाळ पर्लीच्या घरी वाढू लागते, आणि खटला उभा राहतो. हा शेवटचा भाग जरा हलकाफुलका आहे, वाळवंटातल्या गंभीर लयीनंतर तो काहींना उणा वाटतो. तरी त्यातला एक क्षण सोडू नये. न्यायाधीश बॉबला सुचवतात, बाळावरचा हक्क कायमचा सोडलास तर शिक्षा हलकी होईल. पर्लीचे घर चांगले आहे, बाळ सुखात आहे, कुणालाही ही तडजोड शहाणपणाची वाटावी. बॉब नकार देतो, कारण त्याने गाडीतल्या त्या आईला शब्द दिला होता. न्यायाधीशांना हेच उत्तर ऐकायचे होते. ते कमीत कमी शिक्षा सुनावतात, एक वर्ष आणि एक दिवस. तुरुंगाकडे नेणाऱ्या आगगाडीपाशी सारे गाव गाणे म्हणत त्याला निरोप द्यायला लोटते, आणि त्या घोळक्यात, त्याने लुटलेल्या बँकेच्या अध्यक्षांची मुलगीही हसऱ्या चेहऱ्याने उभी असते.