रेतीचा रकाना कुठाय?

जमिनीखालचं खनिज कोणत्या पद्धतीने काढायचं, हे ठरवताना आपण निकोलसचा १९८१चा गुणतक्ता नाहीतर त्याची १९९५ची यूबीसी आवृत्ती उघडतो. थराची जाडी, उतार, खोली, खडकाची ताकद, सगळ्याला गुण; अजिबात न जमणाऱ्या पद्धतीला थेट उणे ४९. शिस्त चांगली आहे. पण भंडारा जिल्ह्यातली मॉइलची चिखला मँगनीज खाण घ्या. तिथे कट-अँड-फिल: खनिज काढायचं, पोकळी रेतीने भरायची. भराव रखडला तर भिंती आधाराविना राहतात, आणि तिथे माणसं काम करतात. मी रुवैसमध्ये बसलोय, खिडकीबाहेर रेतीच रेती. तिकडे रेतीघाटांचे लिलाव होतात. तक्त्यात मात्र भरावाच्या पुरवठ्याला रकानाच नाही. म्हणून तक्ता चाळणीपुरता वापरावा, निकालासाठी नको.