रोग, रंग आणि निदान

वैद्य रोग्याकडे पाहतो तेव्हां त्यास केवळ रोगच दिसतो, अशी आपली समजूत असते. डॉ. जोनाथन मेट्झल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचा 'द प्रोटेस्ट सायकोसिस' हा २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला ग्रंथ या समजुतीस जबर धक्का देतो. मिशिगन संस्थानांत आयोनिया येथें गुन्हेगार मनोरुग्णांसाठीं असलेल्या सरकारी इस्पितळाचीं जुनीं दप्तरें चाळून त्यांनीं तो सिद्ध केला आहे.

ग्रंथकर्त्यांचें म्हणणें असें कीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा अमेरिकन समाजाच्या दृष्टीनें गोऱ्या गृहिणींचा व हळव्या कवींचा निरुपद्रवी विकार होता. पुढें नागरिक हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरांत तोच कृष्णवर्णी पुरुषांचा भयंकर रोग ठरला. १९६८ सालीं ब्रॉम्बर्ग व सायमन या डॉक्टरांनीं कृष्णवर्णीयांच्या प्रतिकारवृत्तीस जोडून 'निषेधाचें वेड' असें नांवच योजिलें. ग्रंथाचें शीर्षक त्यावरूनच घेतलेलें आहे. १९७४ सालच्या हालडॉल या औषधाच्या जाहिरातींत तर मूठ आवळलेला कृष्णवर्णी पुरुषच रोग्याच्या जागीं उभा आहे! १८५१ सालीं डॉ. कार्टराइट यांनीं गुलामाची पळून जाण्याची ओढ हाच एक रोग ठरविला होता; त्या परंपरेचेंच हें पुढील पाऊल.

एका मुद्द्यावर मात्र आमचा मतभेद आहे. १९६८ च्या निदानसंहितेंत संशयी छिन्नमनस्कतेचें वर्णन करतांना वैरभाव व आक्रमकता हीं लक्षणें दिलीं आहेत, यावर ग्रंथकर्ते फार भर देतात. परंतु तीं १९५२ च्या पहिल्या संहितेंतहि होतींच. तेव्हां बदलले ते शब्द नव्हेत. ते ज्यास लावावयाचे तो मनुष्य बदलला. यामुळें ग्रंथाचा पक्ष दुबळा न होतां उलट बळकटच होतो, असें आम्हांस वाटतें. शब्दांत दोष असता तर तो खोडून भागलें असतें. नजरेंतील दोष असा खोडतां येत नाहीं.

या रोग्यांपैकीं पुष्कळांस खरोखरच व्याधि होती, हें ग्रंथकर्ते नाकारीत नाहींत. पण पोलिसांच्या पाळतीचा ज्यास नित्य अनुभव, त्याच्या संशयास भ्रम म्हणावयाचें कीं शहाणपण? हा प्रश्न मनांत आणल्याविना निदान करणारा वैद्य रोग्याची नव्हे, समाजाच्या भीतीची नाडी पाहत असतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं तर हा ग्रंथ अवश्य वाचावा.