वेढा आणि शब्द

वेढ्याची हकीकत लिहिणारा बहुधा वेढा घालणाऱ्याच्या छावणींत बसून लिहितो. मोर्चे कोठें बांधले, कोणता अधिकारी पडला, हें त्याला ठाऊक असतें. तटाच्या आंत काय चाललें होतें हें मात्र धूर विरल्यावरच दिसतें. कॅप्टन ग्रँट डफ याच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासांतील खानदेशविषयक मजकूर या दृष्टीनें पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८१८ सालचे दोन वेढे तो कालक्रमानें सांगतो. त्यांची तुलना वाचकानेंच केली पाहिजे.

फेब्रुवारींत जनरल हिस्लॉप तापीकांठच्या थाळनेरास आला. होळकरांनीं तहानें दिलेला हा किल्ला किल्लेदार तुळशीराम सोडीना. शरणागतीचें बोलणें चालूं असतां ऐन दरवाजांत चकमक उडाली. एकमेकांची भाषा कळली नाहीं, असें तिचें कारण सांगतात. दोन इंग्रज अधिकारी पडले. मग सुमारें ३०० लोकांची शिबंदी कापली गेली व किल्लेदारास फांशीं दिलें. या फांशीवर १८१९ सालीं खुद्द पार्लमेंटांत टीका झाली.

मे महिन्यांत कर्नल मॅक्डॉवेल यानें मालेगांवास वेढा दिला. हें गांव तेव्हां खानदेशांत मोडत असे. मोसम नदीच्या कांठीं नारोशंकरांनीं बांधलेल्या भुईकोटांत अवघे सुमारें ३५० अरब होते. त्यांनीं रात्रीं बाहेर पडून मोर्च्यांवर छापा घातला. त्यांत इंग्रजांचा मुख्य इंजिनिअरच पडला. २९ मे रोजीं तटाच्या खिंडारावर आलेला हल्ला त्यांनीं परतविला. ११ जूनला दारूकोठार उडून तट ढांसळला, तेव्हां कोठें १३ जूनला ते खालीं आले. इंग्रजांकडील जखमी व मृत मिळून दोनशेंवर गेले होते.

या अरबांना देशभक्त ठरविण्याचें कारण नाहीं. ते पगारी शिपाई होते आणि त्यांचा जाच रयतेनेंहि सोसला होता. परंतु आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांना वेढा म्हटला कीं एक वीर आणि त्याचें एक भाषण एवढेंच सुचतें. थोडे लोक टिकतात ते भाषणानें नव्हे. शत्रूला रात्रीं झोंप न दिल्यानें, पडलेल्या तटामागें पुन्हा उभें राहिल्यानें आणि दारू शिल्लक असेतोंच ते टिकतात.

आणि शेवटीं शब्द! मालेगांवच्या शरणागतीचा कागद मराठींत लिहिला गेला होता. त्यांतील शब्दांचा अर्थ अरबांच्या बाजूनें लागत होता, आणि एल्फिन्स्टननें तो तसाच मानला. त्यामुळें त्यांची सुटका झाली. थाळनेरच्या दरवाजांत असा एक कागद असता तर? वेढ्याचा इतिहास वाचतांना तोफा मोजाव्यातच. पण तटावरून कोणते शब्द आले-गेले, हें आधीं विचारावें.