वाचकाची गोपनीयता : कूटलेखन आणि नोंद

ग्रंथालयाने वाचकाशी होणारा ई-मेल-व्यवहार कूटलिपीत केला म्हणजे वाचकाची गोपनीयता सुरक्षित राहते, असे प्रतिपादन केले जाते. त्यामागील हेतू स्तुत्य असला, तरी त्याची व्याप्ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेने वाचकाविषयी कळलेली खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले. त्या काळी त्यास ग्रंथपालाचे मौन बव्हंशी पुरेसे होते. आज मुदत उलटल्याची साधी सूचनाही वाचकाचे व ग्रंथाचे नाव एकत्र घेऊन अनेक यंत्रांतून प्रवास करते. १९९१ साली फिलिप झिमरमन यांनी प्रसृत केलेल्या ‘पीजीपी’मुळे सामान्य संगणकधारकासही कूटलेखन साध्य झाले. वाचकाच्या जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ त्याच्या खासगी किल्लीनेच उघडतो. वाटेत मजकुराचे रक्षण होते, हे निर्विवाद होय.

परंतु या रक्षणास दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, येथे पत्र झाकले जाते, पाकीट नव्हे. प्रेषक, प्राप्तकर्ता, वेळ आणि बहुधा विषयाची ओळही उघडीच राहते. त्या ओळीत ग्रंथनाम लिहिल्यास सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. सूचना ज्या नोंदीवरून सिद्ध होते, ती नोंद ग्रंथालयापाशी वाचनीय स्वरूपातच असते. २००५ साली कनेक्टिकटमधील ‘लायब्ररी कनेक्शन’ या ग्रंथालय-समूहाकडे एफबीआयने न्यायालयाच्या आदेशाविना संगणक-वापराच्या नोंदी मागितल्या आणि त्या मागणीची वाच्यता करण्यासही बंदी घातली. चार ग्रंथपालांनी न्यायालयात दाद मागितली. २००६ साली बंदी उठली व मागणीही मागे घेण्यात आली. तेथे वाचकाचे रक्षण कूटलेखनाने नव्हे, तर ग्रंथपालांच्या निर्धाराने झाले. तथापि व्यक्तीच्या धैर्यावर विसंबणे हे संस्थेचे धोरण होऊ शकत नाही.

म्हणून कूटलेखनाच्या आधी नोंदीचा विचार केला पाहिजे. सूचनेत ग्रंथनाम नसावे. ग्रंथ परत येऊन देणे चुकते होताच वाचक व ग्रंथ यांचा संबंध पुसला जावा. संग्रहवाढीसाठी ग्रंथ किती वेळा वाचला गेला, एवढे कळणे पुरेसे आहे. तो कोणी नेला, हे कळण्याची आवश्यकता नाही. जी नोंद अस्तित्वातच नाही, ती कोणाच्याही मागणीवरून देता येत नाही.