लाटण्याचं पोट

‘कातीव’ हा शब्द आपण नाकाला, मानेला लावून मोकळे होतो. मूळचा तो कातार्‍याचा. लाकूड फिरतं ठेवून त्यावर पटाशी धरली की जे उतरतं, ते कातीव. बाल्कनीत छोटं लेथ मशीन मांडलं, तेव्हा पहिला धडा म्हणून आजीचं शिसवी लाटणं समोर ठेवलं. इतकी वर्षं ते नुसतं पाहिलं होतं.

लांबून ते सरळ दिसतं. फूटपट्टी टेकवली तर मधे पोट आहे, आणि ते दोन्ही मुठींकडे इतकं हळू उतरतं की उतार कुठे सुरू झाला ते बोटालाही सापडत नाही. सगळी करामत या पोटात आहे. एका हाताचा दाब वाढला की लाटण्याची तेवढीच बाजू कणकेवर टेकते. ती टोकाकडे निमुळती, म्हणून लाटणं सरळ न जाता वळणाने घरंगळतं आणि पोळीलाही फिरवतं. हात न लावता पोळी गोल फिरवणार्‍या सुगरणीचं कौतुक करताना त्यातला चतकोर वाटा कातार्‍याला द्यायला हवा.

मुठींजवळ दोन-दोन मणी आहेत. माझा जीव अडकला तो इथे. मणी उतरवताना तिरप्या पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला ठेवायचा आणि मनगट वळवत उंचाकडून खोलाकडे जायचं. पात्याचा वरचा कोपरा चुकून लागला की पटाशी रुतते आणि मळसूत्रासारखा ओरखडा दांडाभर धावतो. (अशा दांड्यांनी माझी एक बादली भरली आहे.) आजीच्या लाटण्यातला एक मणी जोडीदारापेक्षा तांदळाएवढा जाड आहे. कॅलिपरला ते लगेच कळलं. मला आधी कधी खटकलं नव्हतं. कातार्‍याने एक मणी डोळ्यांत ठेवून दुसरा उतरवला असणार.

आजी सांगायची, कातारी जमिनीवर बसून दोरीने लाकूड फिरवायचा. म्हणजे लाकूड पुढे-मागे फिरणार. कापायला मिळते ती अर्धीच फेरी, परतीच्या वेळी पटाशी सैल सोडायची. माझं यंत्र एकाच दिशेने मिनिटाला दीड हजार फेर्‍या देतं, तरी माझ्या उतारावर पायर्‍या पडतात आणि त्या पॉलिशपेपरने लपवाव्या लागतात. त्याच्या लाटण्यावर उजेड तिरपा धरला तरी पायरी दिसत नाही.

एक दोष मात्र सांगायलाच हवा. मण्यांमधली खाच फार खोल आहे. तिच्यात कणीक अडकून वाळते. आई ती काडीने कोरून काढायची. नक्षीच्या नादात कातारी तेवढ्यापुरता स्वयंपाकघर विसरला.

माझं सातवं लाटणं, सागवानी, सध्या घरात वापरात आहे. त्याचं एक टोक दीड मिलिमीटर जाड राहिलंय. पोळी फिरते, पण एकाच बाजूला.