कागदाची तारीख

छायाचित्राखाली आपण एकच साल छापतो, ते टिपल्याचे. ते कागदावर कधी छापले गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. बिल ब्रँट (१९०४–१९८३) या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या बाबतीत ही सवय समीक्षेला चुकीच्या वाटेने नेते, असे माझे मत आहे.

डार्करूमचा कागद 'सॉफ्ट' ते 'हार्ड' अशा, साधारणतः ० ते ५ क्रमांकांच्या ग्रेडमध्ये मिळतो. सॉफ्ट कागद काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या अनेक करड्या छटा राखतो. हार्ड कागद त्या गिळतो. निगेटिव्ह सपाट असेल तर हार्ड आणि भडक असेल तर सॉफ्ट, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे कागदाने निगेटिव्हची उणीव भरून काढायची. ब्रँटने १९५०च्या दशकापासून हा नियम बाजूला ठेवला. छटा मुद्दाम पुसाव्यात म्हणून तो हार्ड कागद वापरू लागला आणि १९३०च्या दशकातली आपली जुनी कामेही त्याने तशीच पुन्हा छापली.

'पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स'मध्ये (१९६१) ही निवड मला पूर्णपणे पटते. तिथे त्वचा समुद्रकाठच्या गोट्यासारखी दिसते. देह व्यक्तीचा न राहता आकार होतो. तेच तर त्याला साधायचे होते.

पण जॅरोचा कोळसा वेचणारा माणूस पाहा. साल १९३७. आदल्याच वर्षी त्या गावचे बेकार कामगार लंडनपर्यंत चालत गेले होते. सायकलवर पोते लादून, ती ढकलत तो घरी निघाला आहे. मवाळ प्रतीत त्याच्या कोटाच्या सुरकुत्या आणि पायाखालची माती वेगवेगळी दिसते. हार्ड प्रतीत माणूस, पोते आणि जमीन एकाच काळ्यात मिसळू लागतात. चित्र प्रभावी होते, यात शंका नाही. पण बेकार माणसाच्या जागी बेकारीचे प्रतीक उभे राहते.

पुस्तकातल्या छपाईचा यात काही वाटा असतो, हे मान्य. कलावंताला आपले काम बदलण्याचा हक्क आहे, हेही मान्य. माझा आक्षेप ब्रँटवर नाही, आपल्या वाचनावर आहे. हार्ड कागदाने आणलेला काळोख आपण मंदीच्या काळाचा पुरावा म्हणून वाचतो. म्हणून चित्राखाली दोन साले हवीत: टिपल्याचे आणि छापल्याचे. दुसरे साल ठाऊक नसेल, तर निदान काळोखावर निष्कर्ष उभारू नयेत.